मंजूर बोट, नामंजूर बंदर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोबत आपल्याच दैनिकाचे एक कात्रण जोडले आहे. पान सात, अगदी तळाचा रकाना, चार बोटे उंचीची बातमी. मथळा असा: 'अमेरिकेने मंजूर केलेल्या टँकरला बंदरात प्रवेश नाकारला'. कात्रणाच्या कोपऱ्यावर हळदीचा डाग दिसेल. तो शेजारच्या स्वयंपाकघरातला आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

मथळा कृपया पुन्हा एकदा सावकाश वाचावा. अमेरिकेने मंजूर केले आणि बंदराने नाकारले. मंजुरी असलेल्याला दारातून परत का पाठवले, हा प्रश्न बातमी लिहिणाऱ्याला, तपासणाऱ्याला, पान लावणाऱ्याला, कुणालाच पडला नाही. मला पडला, पण फार उशिरा. त्या उशिराची हकिगत सांगायची आहे. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढणाऱ्या निवृत्त माणसाचे पत्र समजून हे बाजूला ठेवू नये. तशी पत्रेही मी लिहिली आहेत, हे त्यातले नव्हे.

आमच्या शेजारी तात्या राहतात. रत्नागिरीत दर चार घरांआड एखादा मुलगा बोटीवर असतो, तसा त्यांचा धाकटा. बारावीनंतर सहा महिन्यांचा जीपी रेटिंगचा, म्हणजे साध्या खलाशाचा कोर्स, मग नऊ महिन्यांचे एक काँट्रॅक्ट, आणि त्यानंतर चौदा महिने घरी. या धंद्यात पहिली बोट मिळणे कठीण आणि दुसरी त्याहून कठीण, असे तात्या म्हणतात. पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईच्या एका एजंटाचा फोन आला. तेलाचा टँकर, पगार नेहमीपेक्षा बराच जास्त, आठ दिवसांत निघायचे. निम्मे पैसे आधी, निम्मे विमानतळावर. सीडीसी, म्हणजे खलाशाचे ते सरकारी पुस्तक, लगेच पाठवून द्यायचे.

मुलगा अगदीच भोळा नव्हे. त्याने एजंटाकडून बोटीचा आयएमओ नंबर मागून घेतला. प्रत्येक मोठ्या जहाजाला सात आकडी नंबर असतो. जहाजाचे नाव बदलो, मालक बदलो, झेंडा बदलो, तो नंबर जन्मभर तोच राहतो. तो नंबर त्याने मोबाइलवर टाकून पाहिला. बोटीचे चित्र आले, बांधणीचे साल आले, आणि खाली लाल चौकटीत इंग्रजीत एकच शब्द आला: सँक्शन्ड.

संध्याकाळी तात्या मोबाइल घेऊन आमच्या पडवीत आले. "ताई, बघा. बोट सँक्शन आहे. कॉम्प्युटरवरच लिहून आलंय."

मी चष्मा पुसला, शब्द वाचला आणि म्हणाले, "वा! मग पेढे कधी?"

संपादक महोदय, हे वाक्य माझे आहे. दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकता आले असते तर बरे वाटले असते.

मी बांधकाम खात्यात तेहतीस वर्षे नोकरी करून प्रथम लिपिक म्हणून निवृत्त झाले. सँक्शन हा शब्द मी जितका ऐकला, लिहिला आणि टंकला, तितका क्वचितच कुणी हाताळला असेल. रस्त्याचे काम काढायचे तर आधी अंदाजपत्रक, मग प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मंजुरी, मग निविदा. टेबलावरून टेबलावर एकच विचारणा: "प्रमा आली का?" प्रमा म्हणजे प्रशासकीय मान्यता, एखाद्या मुलीचे नाव नव्हे, नवीन लागलेल्या एका शिपायाची तशी समजूत झाली होती. पदांचा तक्ता करायचा तर तीन रकाने, मंजूर, भरलेली, रिक्त. रजा मंजूर, भविष्य निर्वाह निधीतला अग्रिम मंजूर, शेवटी निवृत्तिवेतन मंजूर. घरी विजेचे बिल आले की त्यावरही 'मंजूर भार'. माझ्या आयुष्यात सँक्शन या शब्दाने कधी कुणाचे वाईट केले नव्हते. उशीर केला असेल, वाईट नाही. बँकेत कर्ज सँक्शन झाले की लोक मिठाई वाटतात. मी पेढे मागितले ते या सवयीने.

चार दिवसांनी तुमचा अंक आला. तात्या पेपर घेऊन आले ते जवळजवळ धावतच. बातमीतले जहाज वेगळे होते, पण शब्द तोच. "ताई, अमेरिकासुद्धा बोटी मंजूर करते बघा. आपल्या पेपरात आलंय." प्रवेश नाकारल्याचे काय, असे मी विचारले. तात्यांकडे उत्तर तयार होते. "बंदरवाल्यांना काय, कागद कमी पडला असेल. तुमच्या हापिसात नाही का, मंत्रालयातून मंजूर झालेलं काम तुम्ही त्रुटी काढून परत पाठवायचा?" यावर मी काय बोलणार? पाठवायचो. वहिनींनी कात्रण कापून फडताळाच्या दाराला आतून चिकटवले, हळद-तिखटाच्या डब्यांशेजारी. डाग तेव्हाचा.

त्या रात्री मला झोप लागली नाही असे लिहिले तर खोटे होईल. झोप छान लागली. सकाळी दूध तापवताना मात्र मथळा पुन्हा डोक्यात आला. मंजूर, आणि नाकारला. तेहतीस वर्षे टिपणी वाचून एक खोड लागते. वाक्याची दोन टोके जुळली नाहीत की हात आपोआप पेन्सिलीकडे जातो.

माझ्या बहिणीचा मुलगा बोटीवर सेकंड इंजिनिअर आहे. त्याची बोट तेव्हा अमिरातीतल्या फुजैरा बंदराच्या बाहेर नांगरावर होती, म्हणून फोन लागला. मी नंबर वाचून दाखवला आणि तो शब्द सांगितला. पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाला, "मावशी, त्या पोराला घरातून बाहेर पडू देऊ नको."

मग त्याने समजावले ते असे. अमेरिकेच्या अर्थखात्याची एक यादी असते. ज्या जहाजावर त्यांचा राग, मग ते रशियाचे तेल नेत असो की इराणचे, ते त्या यादीत जाते. १० जानेवारी २०२५ ला तर त्यांनी एका दिवसात १८० हून अधिक जहाजे यादीत घातली. यादीत नाव गेले की विमा कंपनी हात काढून घेते. ज्या देशाचा झेंडा लावलेला असतो तो देश नोंदणी रद्द करू शकतो. बँका त्या जहाजाचे पैसे फिरवायला धजत नाहीत. चांगली बंदरे आत घेत नाहीत. मग जहाज कुठेतरी नांगरावर पडून राहते. "आणि बोट पडून राहिली की बोटीवरची माणसं पण पडून राहतात, मावशी. पगार कुठून येणार? घरी यायचं तिकीट कोण काढणार? जास्त पगार काय उगाच देतात?" आणि आणखी एक गोष्ट त्याने सांगितली, ती प्रत्येक खलाशाच्या घरी ठाऊक हवी. भरती करणाऱ्या एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, आणि परवाना असलेल्याला उमेदवाराकडून नोकरीसाठी पैसे घ्यायला मनाई आहे. निम्मे आधी, निम्मे विमानतळावर म्हणणारा माणूस तिथेच ओळखायचा असतो.

मुलगा गेला नाही. सीडीसी परत मिळायला अकरा दिवस आणि तात्यांच्या मुंबईच्या दोन खेपा लागल्या. आधी भरलेले निम्मे पैसे गेले ते गेलेच. सध्या तो मिरकरवाड्याला मामाच्या मासेमारीच्या बोटीचे इंजिन बघतो.

आता त्या शब्दाकडे येते. माझ्याकडे पुठ्ठा निघालेला एक इंग्रजी शब्दकोश आहे. त्यात सँक्शनपुढे दोन घोळके आहेत. एकीकडे अप्रूव्ह, परमिट, ऑथराइज, एन्डॉर्स, रॅटिफाय. दुसरीकडे पेनल्टी, बॅन, एम्बार्गो, बॉयकॉट. एकाच शब्दाची समानार्थी भावंडे, आणि दोन्ही घोळके एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. त्यातला एम्बार्गो तर मूळचा बोटींचाच शब्द, जहाजांना बंदर सोडायला किंवा बंदरात यायला बंदी करणारा हुकूम, स्पॅनिशमधून आलेला. आणि बॉयकॉट हे चक्क एका माणसाचे आडनाव. आयर्लंडमध्ये १८८० साली जमीनदाराचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन बॉयकॉटला गावाने वाळीत टाकले. त्याचे पीक कापायला कुणी जाईना, दुकानदार माल देईना. त्याचे आडनाव जगभर क्रियापद होऊन बसले. आपल्याकडे वाळीत टाकणारे इतके होऊन गेले की कुणा एकाचे नाव लावणे शक्य नव्हते. शेवटी २०१६ साली राज्याला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला.

सँक्शनचे मूळ लॅटिन, 'सान्किरे'. एखादी गोष्ट पवित्र करून मोडता येणार नाही अशी करणे. संताला इंग्रजीत सेंट म्हणतात तो याच मुळाचा. रोमन कायद्यात शेवटी एक कलम असायचे, हा कायदा मोडला तर काय भोगावे लागेल ते सांगणारे. त्याला सान्क्तिओ म्हणत. म्हणजे कायद्यावर शिक्कामोर्तब आणि कायदा मोडल्यास दंड, दोन्ही एकाच पोटातून जन्मले. १७१३ मध्ये ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्यातल्या सम्राट सहाव्या चार्ल्सने आपल्या मुलींनाही गादी मिळावी म्हणून फर्मान काढले, त्याला प्रॅग्मॅटिक सँक्शन म्हणतात. तिथे शब्द शिक्कामोर्तबाचा. १९३५ मध्ये इटलीने अ‍ॅबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, हल्ला केला तेव्हा राष्ट्रसंघाने इटलीवर लावली ती सँक्शन्स. तिथे शब्द दंडाचा. इंग्रज माणसाला हे कळते कसे? बहुतेक वेळा शेवटच्या 'एस'वरून. अनेकवचनात आला की सहसा शिक्षा, एकवचनात आला की सहसा परवानगी. शिवाय पुढे 'ऑन' किंवा 'अगेन्स्ट' असेल तर शिक्षा. पण सँक्शन्ड असे विशेषण होऊन एखाद्या बोटीच्या मानेवर बसला की ना 'एस' राहतो ना 'ऑन'. मग बोट मंजूर की बदनाम, हे फक्त संदर्भ सांगतो. लाल चौकट हा संदर्भ होता. तो मी पाहिला आणि शोभेचा समजले.

खरे तर मला याची सूचना फार पूर्वीच मिळाली होती. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या. आमच्या कचेरीत पेढे वाटले. पाठोपाठ बातम्या आल्या, अमेरिकेने भारतावर सँक्शन्स लावली. आमचे एक वयस्कर शिपाई टपाल वाटताना माझ्या टेबलाशी थांबले आणि अगदी आनंदाने विचारते झाले, "बाई, अमेरिकेनं आपल्याला किती सँक्शन केले?" अख्खी शाखा हसली. मीही हसले. त्यांना समजावून सांगायची तसदी कुणी घेतली नाही. ती बंधने पुढे हळूहळू सैल होऊन सप्टेंबर २००१ मध्ये उठली. तोवर शिपाई निवृत्त झाले होते. त्यांचा प्रश्न आणि माझे पेढे यांत फरक इतकाच की त्यांनी निदान विचारले तरी.

तात्यांची मुंबईची दुसरी खेप चालू होती त्या दुपारी मी वहिनींपाशी बसले होते. त्या कोळंबी सोलत होत्या. मी इंग्रजीवर तोंडसुख घेत होते. ही कसली भाषा, एकच शब्द, मान्य केले तरी तोच आणि दंड केला तरी तोच, यांना लाज कशी वाटत नाही, वगैरे. बोलण्याच्या भरात एजंटाबद्दल म्हणाले, "देव त्याला शासन केल्याशिवाय राहणार नाही."

वहिनींनी मान वर केली नाही. "आणि तुमची पेन्शन कोण देतं?"

"शासन."

"मग?"

कोळंबीचे डोके टोपलीत पडल्याचा आवाज तेवढा झाला.

वहिनी सातवीपर्यंत शिकल्या आहेत. मी आयुष्यभर 'शासन निर्णय' नस्तीला लावले, 'दोषींना कडक शासन व्हावे' असे अर्जही वाचले, पण दोन्हींतले शासन एकच आहे हे माझ्या ध्यानात आले नव्हते. राज्य करणे आणि शिक्षा करणे, दोन्हीला संस्कृतातला एकच धातू, शास्. घरपट्टी थकली की नगरपालिका लावते ती शास्तीही त्याच घरातली. म्हणजे लॅटिनने जे केले तेच संस्कृतनेही केले. आमच्या गावाला तर या शब्दाची दोन्ही टोके चांगली ठाऊक आहेत. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी इथे आणून अडकवून ठेवले आणि त्याच्यासाठी राजवाडाही बांधला. १९१० मध्ये तो तिथे राहायला गेला. गाव सोडायला बंदी आणि राजवाडा मंजूर, दोन्ही एकाच सरकारकडून. आणि याच गावात जन्मलेल्या ज्या माणसाला लोकांनी मान्यता दिली म्हणून तो लोकमान्य, त्याला सरकारने १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा देऊन पाठवले ते थिबाच्याच मंडालेला. असो. विषय बोटीचा आहे.

तर इंग्रजीला नावे ठेवण्याचा हक्क वहिनींनी काढून घेतला. तुमच्याविषयीची तक्रार मात्र त्याने कमी होत नाही, उलट वाढते. शासन म्हटल्यावर मराठी माणूस गोंधळत नाही, कारण 'शासनाने दिले' आणि 'त्याला शासन झाले' ही वळणे कानाला लहानपणापासून ओळखीची आहेत. सँक्शनची इंग्रजीतली वळणे आमच्या कानाला ओळखीची नाहीत. ती ओळखून मराठीत उतरवून देणे, यासाठीच तर पेपर विकत घ्यायचा. भाचेसुनेने गंमत म्हणून त्या बातमीचे इंग्रजी वाक्य अंदाजाने जुळवून मोबाइलच्या भाषांतरात टाकले. जशीच्या तशी ओळ बाहेर आली, 'अमेरिकेने मंजूर केलेला टँकर'. तुमच्याकडे असेच झाले असे मी म्हणत नाही. तसे झाले नसेल तर ती चूक माणसाने केली असे होईल, आणि मग जास्तच वाईट वाटेल.

मंजूर हा शब्द आपल्याकडे अरबीतून फारसीमार्गे आला. त्याचे मूळ 'नजर'. मंजूर म्हणजे नजरेखालून गेलेले. साहेबांच्या नजरेखालून कागद गेला, त्यांनी कोपऱ्यात 'मान्य' लिहिले, तो मंजूर. नजरचूक हाही त्याच गोतावळ्यातला. तुमच्या पान सातवर 'मंजूर' छापले गेले ते कुणाच्याच नजरेखालून न जाता. मूळ अर्थाने पाहिले तर तो मथळा स्वतःच नामंजूर आहे.

मराठीत या कामासाठी शब्दांची टंचाई आहे असेही नाही. होकाराच्या बाजूला पाहा. परवानगी मागावी लागते, देणारा वर असतो. संमती बरोबरीच्या माणसाची. मान्यता म्हणजे आम्ही ग्राह्य धरले. मंजुरी पैशाला आणि पदाला. मुभा म्हणजे हवे तर कर, आम्ही अडवणार नाही. आणि रुकार! सोयरिकीच्या बोलणीत मुलीच्या बापाने मान हलवली की तो रुकार, त्याला ना जावक क्रमांक ना शिक्का. नकाराच्या बाजूला मनाई, बंदी, मज्जाव, दंड, शास्ती, बहिष्कार, निर्बंध. इतके शब्द हाताशी असताना कचेरीत, बँकेत, पेपरात सगळीकडे एकच सँक्शन फिरवायचा, हा आळस आहे. माझाही होता. सोप्या कामाला 'सँक्शन ऑर्डर' म्हटले की जरा वजन येते असे वाटायचे.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही एरवी 'निर्बंध' लिहितोच. लिहिता, आणि देशांच्या बाबतीत ते चालून जाते. रशियावर निर्बंध, इराणवर निर्बंध, वाचणाऱ्याला कळते. पण बोटीच्या बाबतीत 'निर्बंधित जहाज' लिहिले तर तात्यांना काय कळेल? आम्ही निर्बंध करोनाच्या दोन वर्षांत जगलो आहोत. दुकान दुपारपर्यंत उघडे, लग्नाला मोजकी माणसे, मग निर्बंध शिथिल. निर्बंध म्हणजे थोडे कमी करा, थोडे थांबा. उन्हाळ्यात पाणी वापरावर निर्बंध. ज्या बोटीवर पाय ठेवला की पगार, विमा आणि घरी येण्याची वाट तिन्ही संकटात, तिला हा शब्द फार मऊ पडतो.

आमच्या खात्यात यासाठी एक शब्द होता आणि तो चहाच्या टपरीवरच्या मुलालाही कळायचा. ठेकेदाराने पुलाच्या कामात लबाडी केली, की तो काळ्या यादीत. मग त्याला निविदा भरता येत नाही, बँक त्याच्याकडे संशयाने बघते, भागीदार फोन उचलत नाहीत. अमेरिकेचे अर्थखाते जहाजाचे करते ते नेमके हेच. 'अमेरिकेच्या काळ्या यादीतील टँकरला बंदरात प्रवेश नाकारला'. मोजून पाहिले, तुमच्या मथळ्याइतकीच अक्षरे होतात, रकान्यात बसेल. हा मथळा छापून आला असता तर तात्या धावत आले असते ते वेगळ्याच चेहऱ्याने.

जाता जाता आणखी एका जागेकडे लक्ष वेधते, कारण ती माझ्या जुन्या दुनियेतली आहे. लाचेच्या प्रकरणात सरकारी नोकरावर खटला भरायचा तर १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ खाली वरिष्ठांची मंजुरी लागते. इतर काही गुन्ह्यांत ती पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९७ खाली लागायची, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ खाली लागते. तिथे सरकारने १२० दिवसांत निर्णय दिला नाही तर मंजुरी दिली असेच धरतात. मराठी कायद्याच्या भाषेत अशा गृहीत धरलेल्या गोष्टीला 'मानीव' म्हणतात. इमारतीच्या मानीव अभिहस्तांतरणामुळे (डीम्ड कन्व्हेयन्समुळे) शहरातल्या लोकांना तो ठाऊक असेल. फार नेटका शब्द आहे. या बातम्यांत मात्र 'अधिकाऱ्याला सँक्शन' असे अर्धवट लिहिलेले मी वाचले आहे. वाचणाऱ्याला वाटते, अधिकाऱ्याला काहीतरी मिळाले. मिळाला तो खटला. आमच्या कचेरीत एकाची अशी मंजुरी आली होती. पत्र आवक नोंदवहीत मीच चढवले, विषयाच्या रकान्यात 'मंजुरीबाबत' इतकेच लिहिले. त्याने लांबून वाचले आणि विचारले, "माझी रजा का?" मी उत्तर दिले नाही. टपाल साहेबांकडे पाठवून दिले आणि पाण्याचा ग्लास भरायला उठले.

मागणे दोनच आहेत. एक, दुरुस्ती छापावी, आणि ती पान सातवरच तळाशी छापावी. तात्या पेपर उघडतात ते पान सातच. पहिल्या पानावर त्यांना रस नाही. दुसरे, बोटीची बातमी लावण्याआधी ती किनाऱ्यावरच्या कुणाला तरी वाचून दाखवावी. तुमच्या जिल्हा कचेरीपासून मिरकरवाडा काही लांब नाही.

कात्रण मात्र परत पाठवावे, त्यासाठी तिकीट लावलेले पाकीट सोबत आहे. ते माझे नाही. वहिनींनी ते फडताळावरून नखाने हळूहळू सोडवून दिले आहे आणि दुरुस्ती छापून आली की दोन्ही शेजारी शेजारी लावायची आहेत म्हणून सांगितले आहे. तितकी जागा त्यांनी डबे सरकवून मोकळी ठेवली आहे.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्रथम लिपिक, रत्नागिरी

ता. क. नाव छापू नये. गावात सगळ्यांना कळेलच, पण छापू नये.